मंदीत चाकणच्या नोकऱ्या नेमक्या जातात कुठे?

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातला, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. तीन वर्षं म्हाळुंग्याच्या एका वेंडर (मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या) कंपनीत ठेकेदारामार्फत व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर आहे. ट्रकचे पार्ट बनतात, काही माल अमेरिकेला जातो. दोन महिन्यांपूर्वी ओटी (ओव्हरटाइम) बंद झाली, आता थर्ड शिफ्टही बंद. लाइनवरच्या काही पोरांना ब्रेक दिला, म्हणजे काम नाही म्हणून थांबवलं. सगळे म्हणतात मंदी आहे, मार्केटमध्ये नोकऱ्याच नाहीत. एक मित्र म्हणतो सत्तर हजार भरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. घरचे म्हणतात गावी ये. काय करू?

उत्तर: तुमच्याकडे काय काय बंद झालं ते तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय, तो क्रम ठरलेला आहे. भोसरी, चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत मनुष्यबळ खात्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. २००८, २०१९ आणि २०२० अशा तिन्ही वेळा कपातीची यादी जिथे बनते त्या खोलीत मी बसलेलो होतो. तेव्हा खाली जे लिहितोय ते टेबलाच्या कंपनीकडच्या बाजूने पाहिलेलं आहे, हे धरून वाचा.

ओटी पहिली जाते, कारण कायद्याप्रमाणे तिला दुप्पट दर द्यावा लागतो. मग रविवारचं काम थांबतं. मग रात्रपाळी: रात्रीची बस, कॅन्टीन, सुपरवायझर, सगळं एका सहीत वाचतं. त्यानंतर ठेकेदाराला निरोप जातो की पुढच्या महिन्यापासून माणसं इतकीच. इथे कंपनी कुणाचं नाव घेत नाही, फक्त आकडा कळवते. नावं ठेकेदाराचा सुपरवायझर ठरवतो. त्यात गैरहजेरी बघतात, भांडणं बघतात, कोण कुणाचा गाववाला तेही बघतात, आणि कुणाचे २४० दिवस भरत आलेत (तेवढे भरले की सलग वर्षाचे हक्क लागतात) ते तर नक्कीच बघतात. मग फिक्स्ड टर्मवाल्यांचे, म्हणजे ठरावीक मुदतीवर घेतलेल्यांचे करार संपतात आणि वाढवले जात नाहीत. मग ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस अख्खा कारखाना बंद. पर्मनंट माणसाकडे व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) कागद येतो तो सगळ्यात शेवटी.

ट्रेनींचं मात्र उलटं होतं. ठेकेदाराची माणसं कमी झालेल्या मशिनवर चार दिवसांनी एखादा अप्रेंटिस उभा दिसतो. तो स्टायपेंडवर असतो. अप्रेंटिस कायद्यात मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेण्याची तरतूद आहे. तेजीत कंपनी खालच्या टोकाला असते, मंदीत वरच्या टोकाकडे सरकते. २०१९ च्या आसपास चाकणला ‘नीमवाले’, म्हणजे नीम या सरकारी प्रशिक्षण योजनेतली पोरं भरपूर दिसायची, ती याच हिशोबातली. ते कागदोपत्री शिकाऊ होते, पीएफ नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही, आणि उत्पादन मात्र पुरतं काढायचे.

म्हणून ‘नोकऱ्याच नाहीत’ हे मला पटत नाही. या पट्ट्यात गेलेलं काम बहुतेक वेळा परत येतं, पण पाटी बदलून येतं. पर्मनंटचं काम कंत्राटी होऊन येतं, कंत्राटीचं ट्रेनीचं होऊन येतं. मार्च २०१८ मध्ये केंद्राने सगळ्या उद्योगांना फिक्स्ड टर्मवर माणसं घ्यायची मुभा दिली. २०१९ च्या मंदीनंतर भरती सुरू झाली तेव्हा पर्मनंटच्या जागा मागणाऱ्यांच्या हातात तीच पत्रं पडली. मंदी कधी संपेल याची काळजी मालकाला करू द्या. ती संपेल त्या दिवशी तुम्ही कोणत्या पाटीखाली उभे असाल, याची तजवीज आत्ता करायची आहे.

तरी ‘किती दिवस’ हे तुम्हाला हवंच असणार. प्रत्येक मंदीचं कारण वेगळं, म्हणून मुदतही वेगळी.

२००८ ची मंदी बाहेरून आली. सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली, कर्जं आटली, ट्रकचे ग्राहक गायब झाले, आणि नोव्हेंबरात तर पुण्यातल्या मोठ्या कारखान्यातही ब्लॉक क्लोजर झाले. डिसेंबरात सरकारने उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी कमी केलं, व्याजदर उतरले, आणि वर्ष संपायच्या आत शेड्यूल, म्हणजे वेंडरकडच्या मागणीचे आकडे, परत चढायला लागली. गंमत म्हणजे चाकणचं आजचं रूप त्याच दिवसांत उभं राहिलं. फोक्सवॅगनचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला, महिंद्राचा २०१० मध्ये. गुंतवणुकीचे निर्णय काही वर्षं आधी झालेले असतात, ते मंदी आली म्हणून अर्ध्यावर सोडून देता येत नाहीत. एका गेटवर ब्रेक आणि शेजारच्या गेटवर भरती, हे चित्र मी तेव्हा पाहिलं.

२०१९ ची मंदी जास्त चिवट होती, आणि तुमच्या कामाला ती जवळची, कारण तिची सुरुवात ट्रकपासून झाली. जुलै २०१८ मध्ये ट्रकच्या अ‍ॅक्सलवर किती वजन चालेल याची मर्यादा वाढवली. तोच ट्रक कायद्याने जास्त माल नेऊ लागला, मग ट्रान्सपोर्टरला नवीन ट्रक कशाला हवेत? त्यानंतर महिना-दोन महिन्यांत आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी बुडीत निघाली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनी हात आखडता घेतला. वरून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम लागू होणार होता, म्हणजे जुन्या इंजिनाच्या गाड्या त्याआधी खपवायच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षाच्या मानाने एकतीस टक्क्यांहून जास्त पडली. सुटे भाग बनवणाऱ्यांची संघटना अ‍ॅक्मा दहा लाख नोकऱ्या धोक्यात आहेत असं सांगत होती. सप्टेंबरात कंपनी कर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला तेव्हा टीव्हीवर जल्लोष झाला. पण भोसरीतला गाळेवाला बहुधा प्रोप्रायटर किंवा भागीदारीत असतो. त्याला कंपनी कराशी देणंघेणं नसतं, त्याला जॉबवर्क हवं असतं, आणि ते त्या करकपातीने आलं नाही.

२०२० मध्ये उलटंच झालं. आधी काम बंद आणि माणसं गावी, मग ऑगस्ट-सप्टेंबरपासून काम हजर आणि माणसं नाहीत. ठेकेदार बीड-नांदेडपासून बिहारपर्यंत फोन लावत होते. कार आणि ट्रकचं भवितव्य कुणाला दिसत नव्हतं तेव्हा पाऊसपाणी चांगलं झालं आणि २०२०-२१ मध्ये ट्रॅक्टरची विक्री विक्रमी झाली. ट्रॅक्टरचे गिअर आणि हाउसिंग करणाऱ्या वेंडरांकडे तिन्ही पाळ्या चालू होत्या. पाच किलोमीटरच्या टापूत एकाकडे मंदी आणि दुसऱ्याकडे ओटी, हे चाकणमध्ये नेहमी घडतं. दुचाकी, कार, ट्रक, ट्रॅक्टर, निर्यात यांची चाकं एकाच वेळी थांबत नाहीत.

माझा अंदाज विचाराल तर ट्रकच्या मंदीला वर्ष-दीड वर्ष धरून चाला. लवकर सुटली तर आनंद.

आता तुमच्या शॉपफ्लोअरवर या. मंदीचं खरं वर्तमानपत्र म्हणजे डिस्पॅचजवळचा फळा. गाडी बनवणारी मोठी कंपनी महिनाअखेरीस वेंडरला शेड्यूल पाठवते: पुढच्या महिन्याचा आकडा पक्का, त्यापुढच्या महिन्यांचा अंदाजे. समजा, एका ब्रॅकेटचे रोज चारशे नग जात होते आणि आता दोनशे चाळीस लिहिलेत. त्याचा अर्थ ट्रकची विक्री चाळीस टक्के पडली असा लावू नका. विक्री पंधरा-वीस टक्के पडली असेल. पण डीलरकडे गाड्या साठलेल्या, कंपनीच्या यार्डात गाड्या साठलेल्या, स्टोअरमध्ये पार्ट साठलेले. आधी हा साठा संपवायचा असतो, म्हणून वेंडरकडची मागणी विक्रीपेक्षा दुप्पट वेगाने कोसळते. साखळीत जितकं खाली जाल तितका फटका मोठा. भोसरीच्या गाळ्यात एक-दोन लेथ घेऊन बसलेल्याचं काम तर महिनाभर पूर्ण थांबतं.

पण हेच गणित परतीच्या वाटेवरही लागू असतं. साठा संपला की विक्री फारशी न वाढताही वेंडरचं शेड्यूल एकदम उसळतं. एका महिन्यात थर्ड शिफ्ट चालू करा असा निरोप येतो आणि सुपरवायझर जुन्या पोरांना फोन लावत सुटतो. म्हणून रोज तीन गोष्टींवर नजर ठेवा: तयार मालाचे रॅक भरलेत की रिकामे होतायत, ग्राहकाकडून पार्ट ठेवायचे रिकामे बिन (खोके) वेळेवर परत येतायत का, आणि कास्टिंग-फोर्जिंगची (मशिनवर चढवायच्या कच्च्या भागांची) गाडी आठवड्यातून किती वेळा गेटवर लागते. ती गाडी वाढली की महिनाभरात काम वाढतं. यात मालकाला विचारायची गरज नाही, स्टोअरच्या पोराशी चहा प्यायलात तरी कळतं.

तुमच्या कंपनीचे दोन ग्राहक आहेत, हे विसरू नका. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रकच्या बाजाराचं स्वतःचं चक्र आहे. पुण्यातले फोर्जिंग निर्यातदार तिथल्या ट्रकच्या ऑर्डरचा आकडा दर महिन्याला डोळ्यांत तेल घालून बघतात. तिथे पडझड असताना इथला ट्रक चालू असू शकतो, आणि उलटही. नेमकी कोणती लाइन मंदावली, निर्यातीची की देशातली, ते आधी शोधा. चालू लाइनवर बदली मागणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो फार थोडी पोरं करतात. आपली मशिन सोडायची नाही असा एक हट्ट असतो.

सरकारी आकड्यांवरून मार्केट ओळखायला जाल तर चकवा बसेल. कामगार सर्वेक्षणाप्रमाणे देशातला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता, २०१९-२० मध्ये तो ४.८ टक्के झाला. म्हणजे ज्या काळात चाकणमध्ये ब्रेक चालू होते त्या काळात बेरोजगारी कमी झाली! यात कुणी आकडे बनवलेले नाहीत. त्याच सर्वेक्षणात शेतीत काम करणाऱ्यांचा वाटा एका वर्षात ४२.५ वरून ४५.६ टक्क्यांवर गेलेला दिसतो. ब्रेक मिळालेला पोरगा गावी जातो, बापाबरोबर सोयाबीन काढतो, आणि सर्वेक्षणात ‘काम आहे’ या रकान्यात जातो. पगार मिळतो का, हे तो रकाना विचारत नाही. पीएफच्या नोंदणीचे आकडेही जपून वाचावेत. ठेकेदार बदलला की तोच माणूस एका ठिकाणी गेलेला आणि दुसऱ्या ठिकाणी आलेला दिसतो.

मंदीत जागा निघतात त्या जाहिरातीतून निघत नाहीत. माणूस सोडून गेला, त्याच्या जागी पटकन कोणी हवं, आणि मनुष्यबळ खात्याला नवीन पद मंजूर करून घ्यायचं नाही, अशा त्या जागा असतात. त्या ओळखीतून भरतात. मेंटेनन्स, टूलरूम, क्वालिटी आणि डिस्पॅच ही चार खाती मंदीतही माणूस मागतात. मेंटेनन्स अशासाठी, की कमी माणसांत मशिन बंद पडून चालत नाही. क्वालिटी अशासाठी, की मंदीत ग्राहक भाव पाडायला बसतो, नवे पार्ट नव्या वेंडरकडे हलवतो, आणि प्रत्येक नव्या पार्टचे नमुने, मोजमापं, कागदपत्रं करायला माणूस लागतो. चाकणची गोदामं आणि लॉजिस्टिकवाले वेगळेच. तिथे पगार कमी, पण काम लगेच मिळतं. सहा महिने काढायला ठीक आहे, त्याहून जास्त राहिलात तर मशिनवरचा हात जातो.

तुमच्यासाठी पुढची पायरी मला स्पष्ट दिसते. ऑपरेटरचे सेटर व्हा. ऑपरेटर म्हणजे जॉब लावतो, बटण दाबतो, काढतो, मोजतो. मंदीत हा माणूस कुणीही बदलू शकतो. सेटर टूल बसवतो, ऑफसेट देतो, प्रोग्राममध्ये दुरुस्ती करतो, पहिला नग पास करून घेतो. मोठ्या लाइनवर सेटर मोजकेच असतात आणि त्यांचं नाव ब्रेकच्या यादीत येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी लाइन कुणी चालू करायची हा प्रश्न येतो. सध्या तुमच्याकडे मशिन रिकाम्या आहेत. तेजीत सुपरवायझर तुम्हाला कंट्रोल पॅनेलला हात लावू देणार नाही, आता लावू देईल. सेटरच्या मागे उभे राहा, सेटिंग चालू असताना त्याच्या हाताशी राहा.

मुलाखतीत काय होतं ते सांगतो. आमच्याकडे सेटरच्या मुलाखतीला आलेल्या मुलापुढे प्रॉडक्शनचे साहेब एक ड्रॉइंग ठेवायचे, एक टर्न केलेला शाफ्ट ठेवायचे आणि एक मायक्रोमीटर. प्रमाणपत्रांची फाइल ते उघडतही नसत. पहिला प्रश्न लीस्ट काउंटचा, म्हणजे मायक्रोमीटरवर लहानात लहान किती माप वाचता येतं याचा. मग ‘हा व्यास मोज आणि ड्रॉइंगप्रमाणे पास की रिजेक्ट सांग.’ तीन-चार वर्षं मशिनवर काढलेली कितीतरी मुलं इथे अडखळायची, कारण त्यांनी रोज गो-नोगो गेजच (आकडा न दाखवता फक्त पास-नापास सांगणारा) वापरलेला, मायक्रोमीटर फक्त क्वालिटीवाल्यांच्या टेबलावर पाहिलेला. जो मुलगा मोजण्याआधी अ‍ॅनव्हिल पुसायचा आणि झिरो बघायचा, त्याची निवड तिथेच अर्धी झालेली असायची. ड्रॉइंगवरच्या भौमितिक टॉलरन्सच्या खुणा वाचता येणं ही त्यापुढची गोष्ट. ती आली तर क्वालिटीचंही दार उघडतं. यासाठी सत्तर हजार लागत नाहीत. चांगलंच शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेचे छोटे कोर्स बघा.

टेस्टिंगच्या कोर्सबद्दल थोडक्यात: नको. हिंजवडीत काम नाही असं मी म्हणत नाही. पण २०२३-२४ या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांचीही माणसं वर्षअखेरीस कमी भरली, एकट्या इन्फोसिसची जवळपास सव्वीस हजारांनी. तिथे बीई-कॉम्प्युटरवाली पोरं रांगेत असताना तुम्ही तीन वर्षांचा मशिनचा अनुभव टाकून त्या रांगेच्या शेवटी का उभं राहायचं? कोर्सवाले ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणतात. ‘असिस्टन्स’ हा शब्द नीट वाचा.

तसंच नोकरी लावून देतो म्हणून युनिफॉर्मचे, गेटपासचे किंवा ‘डिपॉझिट’चे पैसे मागणारा कन्सल्टंट. मंदीत हे लोक पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात. कुठलीही धड कंपनी मुलाखतीआधी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. फुकट आणि खात्रीचं हवं असेल तर महास्वयंम पोर्टलवर नाव घाला, रोजगार मेळाव्यांना जा. मेळाव्यात बहुतेक जागा ट्रेनीच्या असतात हे माहीत असू द्या. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय-डिप्लोमावाल्याला महिना आठ हजार ठरवले होते. नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला ते ठीक. तीन वर्षांचा अनुभव असलेल्या तुम्ही परत शिकाऊच्या पाटीखाली जाऊ नका.

एक मोठा बदल मात्र मंदीचा नाही आणि मंदी संपली तरी राहणार आहे. आकुर्डीला बजाजने २००७ मध्ये गाड्या बनवणं थांबवलं. त्याच आवारात २०२२ मध्ये चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना सुरू झाला. जागा तीच, मालक तोच, पण मागितलेली माणसं वेगळी: बॅटरी, वायरिंग, टेस्टिंग. पिस्टन, व्हॉल्व, कॅमशाफ्ट करणाऱ्यांना तिथे काम नाही. मोठ्या ट्रकला हा बदल उशिरा पोचेल, आणि ब्रेक, सस्पेन्शन, अ‍ॅक्सलचे पार्ट तर कोणत्याही गाडीला लागतात. तुमची कंपनी यातलं नेमकं काय बनवते, त्यावर तुमचं पुढचं दशक अवलंबून आहे. इंजिनाच्या आतला पार्ट असेल तर दोन-तीन वर्षांत बाजू बदला, घाई नाही.

तळेगावचं उदाहरणही डोळ्यांपुढे असू द्या. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. जानेवारी २०२४ मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला. जमीन आणि यंत्रं हस्तांतरित झाली, कामगार मात्र त्यांच्याबरोबर आपोआप गेले नाहीत. संघटनेला कोर्टाची पायरी चढावी लागली. ते लोक पर्मनंट होते. तेव्हा ‘पर्मनंट झालो की सुटलो’ हेही पूर्ण खरं धरू नका, जरी मी स्वतः आजही पर्मनंटची संधी कुणाला सोडू देणार नाही.

आता पैशाचं आणि कायद्याचं. कंपनीने पर्मनंट कामगाराला ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलं, तर मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यावी लागते. पन्नास किंवा जास्त कामगार आणि वर्षाची सलग सेवा या अटी आहेत. कामावरून कमी केलं तर एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेत कमी केलेल्या कामगारासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार मालकाने कौशल्य निधीत भरायचा आहे. त्याच वेळी सरकारी परवानगी घेऊन मगच माणसं कमी करण्याची अट शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली, म्हणजे तुमच्यासारख्या मध्यम वेंडरला ती अट आता बहुधा लागू नाही. प्रत्यक्षात ब्लॉक क्लोजरमध्ये बरेच कारखाने ले-ऑफ दाखवतच नाहीत, ते पीएल (हक्काची रजा) कापतात किंवा पुढच्या रविवारी भरून घेतात.

ठेकेदाराच्या माणसाला यातलं काही सहज मिळत नाही. तो ‘काम नाही तर हजेरी नाही’ या तत्त्वावर असतो. तुम्ही तीन वर्षं म्हणता, पण ती सलग आहेत का? यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) टाकून लॉगिन करून पीएफचं पासबुक उघडा. दर सहा-सात महिन्यांनी एखादा महिना कोरा दिसतोय का बघा. दिसत असेल तर तुम्हाला ब्रेक दिलेला आहे, तुम्हाला ती सुट्टी वाटली असली तरी. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग वर्षाचे हक्क सुरू होतात, म्हणून तो कोरा महिना. मागच्या महिन्याचा पीएफ ठेकेदाराने भरलाच नसेल तर गप्प बसू नका. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि कंपनीचं मनुष्यबळ खातं या एका गोष्टीला खरोखर घाबरतं.

तुमचा पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर ईएसआय कापला जात असेल. त्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे: नोकरी गेली तर सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आयुष्यात एकदा. वर्गणीच्या अटी आहेत आणि योजनेची मुदत दरवेळी वाढवली जाते, तेव्हा ईएसआयच्या शाखेत जाऊन आजची स्थिती विचारा. पोरांना ही योजना माहीतच नसते, आणि ठेकेदार ती सांगत नाही.

पीएफ मात्र काढू नका. ब्रेक मिळाला की पीएफ काढून मोटरसायकलचे हप्ते फेडायचे, ही चाकणची रीतच झाली आहे. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ती वेगवेगळ्या कंपन्यांतली जोडून धरली जाते, पण पैसे ट्रान्सफर केले तरच. दर मंदीला खातं रिकामं केलं तर पंधरा वर्षं मशिनवर उभं राहूनही पेन्शनच्या हिशोबात काही उरत नाही.

गावी जायचं का? खरीप चालू असेल, घरी माणसाची गरज असेल, आणि खराबवाडीच्या खोलीचं भाडं, मेस जड होत असेल तर महिना-दीड महिना जाऊन या. कायमचं जायचं ठरवण्याआधी एवढं लक्षात घ्या, की परतीची भरती दोन-तीन दिवसांत उरकते. सकाळी सुपरवायझरचा फोन, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला गेटवर हजर. लातूरहून रात्रीच्या गाडीने पोचता येतं, पण फोनवर ‘दोन दिवसांत येतो’ म्हणालात की पुढचा नंबर लागतो. खोलीतली कॉट सोडू नका, पार्टनरशी बोलून अर्ध्या भाड्यात राखून ठेवा.

लातूरजवळच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याबद्दल तुमच्याकडची बरीच मुलं विचारतात. भूमिपूजन २०१८ मध्ये झालं, डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला, आणि आता वंदे भारत स्लीपर गाड्यांचं काम तिथे ठरलेलं आहे. तिथे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन जास्त लागतील, व्हीएमसीवाले कमी. बायोडाटा देऊन ठेवा, पण त्या भरवशावर इथली नोकरी सोडू नका. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनचंही तसंच. २०२४ मध्ये टोयोटा आणि एथर यांची नावं जाहीर झाली, पण कारखान्याची घोषणा आणि भरतीचं पत्र यांत काही वर्षं जातात.

आणि समजा उद्या तुमचं नाव यादीत आलंच, तर गेटवर वाद घालू नका, कागद मागा. अनुभवाचा दाखला ठेकेदाराच्या लेटरहेडवर मिळेल, त्यात मूळ कंपनीचं नाव आणि मशिनचा प्रकार लिहून घ्या. नुसतं ‘हेल्पर’ किंवा ‘ऑपरेटर’ लिहिलेला कागद पुढच्या मुलाखतीत कामाचा नसतो. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, हजेरी कार्डाचा फोटो आणि ईएसआय नंबर जवळ ठेवा. नंतर पीएफच्या पोर्टलवर ‘डेट ऑफ एक्झिट’ पडली का ते बघा. ठेकेदार ती टाकायला विसरतो किंवा मुद्दाम टाकत नाही, आणि मग नव्या कंपनीत ट्रान्सफर अडकतं. शेवटची वर्गणी भरल्याला दोन महिने झाले की ती तारीख आधारच्या ओटीपीवर तुम्ही स्वतः टाकू शकता. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. तो जुन्या सिमचा असेल तर हे काम या रविवारीच उरकून घ्या.